समुद्रात पडलेले सोने कुठे जाते

सोलापूरहून कोकणात सहलीला गेलेल्या एखाद्या कुटुंबाचा फोन येतो, तेव्हा पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "दादा, लाटेबरोबर गेलं हो." अंगठी असो, मंगळसूत्राच्या वाट्या असोत की लहान मुलाच्या गळ्यातला गोफ असो, ती वस्तू समुद्राने आत ओढून नेली अशीच सगळ्यांची खात्री झालेली असते, आणि या खात्रीपायी माणसे एक तर शोध सोडून परतीच्या गाडीत बसतात, नाही तर खोल पाण्याच्या दिशेने नको तितकी पुढे जाऊन जीव धोक्यात घालतात. पाण्याखाली चालणारा मेटल डिटेक्टर घेऊन हरवलेले दागिने शोधण्याचे काम मी काही वर्षांपासून करीत आहे, आणि आज हे लिहायला बसण्याचे कारण एवढेच, की ही समजूत चुकीची आहे. सोने सहसा वाहून जात नाही. ते जिथे पडते तिथेच खाली उतरत जाते, आणि म्हणूनच ते पुष्कळदा परत मिळू शकते.

शुद्ध सोन्याचा एक घन सेंटिमीटरचा तुकडा १९.३ ग्रॅम भरतो. आपल्याकडच्या २२ कॅरटच्या दागिन्याचे सोने त्याच मापाला साधारण साडेसतरा ते अठरा ग्रॅम भरते, आणि किनाऱ्यावरच्या गारगोटीच्या वाळूचे वजन त्या मापाला जेमतेम २.६५ ग्रॅम असते. लाट फुटून मागे फिरते तेव्हा वाळूचा वरचा थर क्षणभर पाण्यात सैल होतो आणि त्याचे कण उचलले जाऊन पुढेमागे सरकतात. त्या सैल थरात पडलेली अंगठी वाळूबरोबर उचलली जात नाही. दर लाटेला ती थोडी थोडी खाली बसते. शिंपल्यांचा दाट थर, चिकणमाती किंवा कातळ लागला की ती तिथे टेकते आणि मग जागा सोडत नाही. जड वस्तू सगळ्याच या थरावर जमतात. त्यामुळे शोधताना मासेमारीच्या जाळ्यांची शिशाची वजने आणि जुनी नाणी एकाच पट्ट्यात मिळू लागली, की मी तो पट्टा सोडून पुढे जात नाही.

हे सगळ्या दागिन्यांना सारखे लागू पडत नाही. बारीक साखळीचे वजन कमी आणि पसारा मोठा असल्यामुळे ती लाटेच्या ओढीने काही पावले सरकू शकते, आणि ती समुद्रशैवालात किंवा जाळ्याच्या तुकड्यात अडकली तर त्याच्याबरोबर जातेही. नथीचे तर त्याहून कठीण. तिच्यात सोने तारेपुरतेच असते, मोत्यांना यंत्र दाद देत नाही, आणि तार यंत्राला ऐकू यावी इतकी जाड क्वचितच असते. नथ हरवली म्हणून फोन आला, तर मी येण्याआधीच स्पष्ट सांगतो की आशा फार कमी आहे, कारण दुःखी माणसाला खोटी उमेद देऊन साडेतीनशे किलोमीटरचा खर्च त्याच्या माथी मारणे मला पटत नाही.

समुद्रापासून इतक्या दूर, सोलापूरकडे राहणारा माणूस या कामाकडे कसा वळला, असे मला नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर पंढरपुरात आहे. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि तिच्या पात्रातल्या वाळूच्या विस्ताराला वाळवंट. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी त्या पाण्यात उतरतात, नाणी सोडतात, आणि गर्दीत कोणाची जोडवी, कोणाची अंगठी, कोणाची कानातली फिरकी निसटते. यात्रा ओसरली की चाळण्या आणि दोरीला बांधलेले चुंबक घेऊन नदीत उतरणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आजची बरीचशी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असतात, त्यामुळे ती चुंबकाने निघतात. सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही, ते हाताने आणि चाळणीनेच काढावे लागते. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, दगडाच्या आडोशाला, जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथे जड जिन्नस बसतो, हे ज्ञान मला त्यांच्याकडून मिळाले. सराफ बाजारातली केरमाती धुऊन तिच्यातले सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरीही याच एका गुणावर पोट भरत आले आहेत: पाणी हलवत राहा, हलके निघून जाईल, जड तळाशी राहील.

नदी आणि समुद्र यांत एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. उजनी धरणातून मोठा विसर्ग सुटला किंवा पावसाळ्यात पूर आला, तर नदीचा वाळूचा सगळा थरच जागा बदलतो आणि तेव्हा सोनेही त्याच्याबरोबर पुढे जाते. म्हणून नदीत हरवलेली वस्तू पाणी सुटण्याआधी शोधली पाहिजे. शिवाय वाळू उपशामुळे भीमेच्या पात्रात अचानक खोल खड्डे लागतात, आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. कमरेला दोरी आणि काठावर दुसरा माणूस असल्याशिवाय मी तिथे उतरत नाही. नदीला श्रद्धेने अर्पण केलेले जे असेल, ते मी शोधत नाही. हरवलेले आणि वाहिलेले यांत भेद आहे, आणि तो भेद यंत्राला कळत नसला तरी माणसाला कळलाच पाहिजे.

आता यंत्राविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लोक सर्वांत जास्त पैसे इथेच वाया घालवतात. माझा रोजचा व्यवसाय यंत्रमागाच्या कारखान्यांतील इलेक्ट्रॉनिक पॅनेल दुरुस्त करण्याचा आहे, त्यामुळे डिटेक्टर उघडून पाहण्याची ओढ मला पहिल्यापासून होती. नेहमीच्या, म्हणजे व्हीएलएफ पद्धतीच्या डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, सेकंदाला काही हजार ते काही दहा हजार वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते. सेकंदाला किती वेळा, ती त्याची फ्रिक्वेन्सी. त्याच्या टप्प्यात धातू आला की धातूत भोवरी, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे, प्रवाह निर्माण होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र उमटते, आणि ते दुसऱ्या कॉइलमध्ये पकडले जाते. ते किती उशिरा उमटले यावरून धातू कोणता असावा याचा अंदाज बांधता येतो. अंगठी हे बंद कडे असल्यामुळे तिच्यात प्रवाह जोरात फिरतो आणि ती चांगली ऐकू येते. साखळी मात्र यंत्राला अखंड दिसतच नाही. तिची प्रत्येक कडी स्वतंत्र आणि बारीक असते, त्यामुळे दोन तोळ्यांची साखळीसुद्धा एखाद्या कडीएवढीच कुजबुजते, आणि बऱ्याचदा ती सापडते ती फासाच्या किंवा पदकाच्या आवाजावरून. मंगळसूत्राच्या बाबतीतही काळे मणी काचेचे असल्याने निरुपयोगी ठरतात. आवाज येतो तो वाट्यांचा.

हे यंत्र भीमेच्या गोड्या पाण्यात उत्तम चालते. तिथली अडचण निराळी आहे. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, आणि त्याच्यात मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचे कण असतात. भीमेच्या वाळूतून चुंबक फिरवला की काळी भुकटी चिकटून येते. ही भुकटी यंत्राला गोंधळवते, म्हणून दर नव्या जागी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे त्या जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करण्याची जुळणी, नव्याने करावी लागते. सोलापूर जिल्ह्यात शिकलेल्या माणसाला याची सवय आपोआप लागते, आणि रत्नागिरीच्या बाजूला गेल्यावर ती कामी येते, कारण तिथल्या कित्येक किनाऱ्यांच्या वाळूत इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाचा काळा अंश आहे.

पण समुद्रात त्याच्या जोडीला मीठ येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते पाणी वीज वाहून नेते, आणि त्यामुळे खुद्द समुद्रच यंत्राला एक मोठा, मंद धातू वाटतो. कॉइलवरून लाट गेली की यंत्र ओरडते, कॉइल जरा वर उचलली की पुन्हा ओरडते. याहून मोठी पंचाईत अशी, की मिठाचा हा आवाज ज्या पट्ट्यात येतो, त्याच पट्ट्यात पातळ सोन्याचा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा आवाज येतो. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर मीठ गप्प करायला गेलात, तर बारीक सोनेही त्याच्याबरोबर गप्प होते. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत.

यावर दोन उपाय निघाले आहेत. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रे प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरचे उत्तर ताडून पाहतात आणि त्यांतून मिठाचा भाग वेगळा काढतात. मायनलॅब कंपनीचे एक्सकॅलिबर हे या जातीचे, पाणबुड्यांसाठी बनवलेले यंत्र आहे. दुसरी पद्धत पल्स इंडक्शनची. तिच्यात कॉइलमधून एक तीव्र झटका सोडून लगेच थांबायचे आणि उत्तर कसे विरत जाते ते ऐकायचे. मिठाचे उत्तर काही मायक्रोसेकंदांत विरते, घट्ट धातूचे त्याहून अधिक टिकते, म्हणून साधारण दहा मायक्रोसेकंद थांबून कान उघडले की समुद्र ऐकू येतच नाही. गॅरेट कंपनीचे सी हंटर या पद्धतीवर चालते. या शांततेची किंमतही मोजावी लागते: अगदी पातळ दागिन्याचे उत्तर मिठाइतकेच लवकर विरते आणि निसटते, आणि लोखंडी खिळा व अंगठी यांतला फरक या यंत्राला नीट सांगता येत नाही, त्यामुळे जेवढे आवाज तेवढे खड्डे. मी स्वतः उघड्या वाळूत आणि गुडघाभर पाण्यात पहिली पद्धत वापरतो आणि लाटांच्या पट्ट्यात दुसरी. नवख्या माणसाने खोक्यावरचा 'वॉटरप्रूफ' हा शब्द वाचून पैसे देऊ नयेत. पुष्कळ यंत्रांची फक्त कॉइल पाण्यात चालते आणि वरचा डबा एका लाटेत निकामी होतो. एक्सकॅलिबर किंवा सी हंटर सुमारे साठ मीटर खोलीपर्यंत चालतात, तर मायनलॅबचेच इक्विनॉक्स ८०० तीन मीटरपर्यंत. छाती-गळ्यापर्यंतच्या पाण्यासाठी तीन मीटर पुरतात.

परदेशी शोधकांनी बनवलेले आकड्यांचे तक्तेही जसेच्या तसे वापरू नयेत. यंत्राच्या पडद्यावर कोणत्या आकड्याला कोणती वस्तू, हे त्यांत दिलेले असते, पण अमेरिकेतल्या अंगठ्या बहुतेक १० किंवा १४ कॅरटच्या असतात. सोन्यात दुसरा धातू मिसळला की त्याची वीजवाहकता झपाट्याने घसरते, त्यामुळे त्याच घडणीची २२ कॅरटची आपली अंगठी पडद्यावर वरचा आकडा दाखवते. आपल्या माणसाने घरातल्या पाटल्या, अंगठ्या, जोडवी, वाट्या एकेक करून कॉइलखालून फिरवाव्यात आणि स्वतःचा तक्ता तयार करावा. तो तयार झाल्यावरही आकड्यावर फार विसंबू नये, कारण शीतपेयाच्या कॅनची उघडायची पट्टी आणि अंगठी एकाच आकड्याला येतात. समुद्रात मी प्रत्येक स्वच्छ आवाज खणतो.

मात्र यंत्र हातात घेण्याआधीचे काम अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे विचारपूस. वस्तू कुठे पडली हे सांगताना माणसे जागा पाण्याच्या हिशेबाने सांगतात, "कमरेएवढ्या पाण्यात होतो", आणि पाणी तर दर तासाला सरकत असते. म्हणून मला वेळ हवी असते आणि तिथी हवी असते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकेपणासाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत, पण फोनवर बोलता बोलता चित्र उभे करायला तो पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरतेही, आणि ती खोल ओहोटी पहाटे व संध्याकाळी येते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. मुंबई-अलिबागकडे उधाणाचा चढ-उतार चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे तो बराच कमी असतो. याचा अर्थ असा, की भरतीला कमरेएवढ्या पाण्यात हरवलेली वस्तू ओहोटीला कोरड्या वाळूत सापडण्याचा पुष्कळ संभव असतो आणि तिच्यासाठी बुडी मारण्याची गरजच पडत नाही.

गुहागरच्या किनाऱ्यावर सोलापूरच्याच एका कुटुंबातल्या वहिनींच्या मंगळसूत्राची तार तुटली, तो प्रसंग इथे सांगतो. फोन आला तेव्हा घरातली सगळी माणसे खोल बाजूला पाय चाळवत शोधत होती. मी त्यांना आधी पाण्याबाहेर यायला सांगितले. मग त्यांच्या मुलीला विचारले, "बाळा, मोबाइलवर फोटो काढलेस का?" तिने पुष्कळ काढले होते. साडेचारच्या फोटोत आईच्या गळ्यात मंगळसूत्र दिसत होते, पाच वाजण्याच्या आधीच्या फोटोत गळा मोकळा होता, आणि दोन्ही फोटोंत मागे सुरूची झाडे व एका लॉजची पाण्याची टाकी होती. तिथी एकादशी. म्हणजे भरती सव्वाआठला, ओहोटी दोन-सव्वादोनला होऊन गेलेली, आणि वस्तू पडली तेव्हा पाणी चढत होते. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास, उधाणाकडे सरकणाऱ्या ओहोटीत, तीच जागा घोट्याएवढ्या पाण्यात येणार होती. रात्रीच्या गाडीने निघालो आणि दुपारी ओहोटीच्या आधी किनाऱ्यावर पोहोचलो. मुलीला ती फोटो काढताना जिथे उभी होती तिथे उभे केले, टाकी आणि सुरूचे ठरावीक झाड एका रेषेत येईपर्यंत तिला डावीकडे सरकवले, आणि त्या रेषेवर दोरी ताणली.

पहिली वाटी दोरीपासून थोड्याच पावलांवर, वीतभर वाळूखाली, शिंपल्यांच्या थरावर टेकलेली मिळाली. दुसरी मिळायला वेळ लागला, कारण तिच्या शेजारीच एक गंजलेला खिळा होता आणि त्याचा तुटक आवाज तिच्या आवाजावर चढत होता. सोन्याच्या तारेचा तुकडा मिळाला नाही, मणी तर मिळणार नव्हतेच. वहिनींचे यजमान पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण काका, रात्रभर एवढ्या लाटा येऊन गेल्या, मग हे इथंच कसं राहिलं?" त्यांना मी वाळूचे आणि सोन्याचे वजन समजावून सांगितले, तेच वर लिहिले आहे.

अशी वेळ कोणावर आली, तर त्याने काय करावे हेही लिहून ठेवतो. जागेवरून हलण्याआधी किनाऱ्याकडे तोंड करून एकामागे एक असलेल्या दोन ठळक खुणा एका रेषेत पाहून ठेवाव्यात, आणि मग बाजूला वळून तशाच आणखी दोन. या दोन रेषा जिथे छेदतात ती आपली जागा. मोबाइलवर ठिकाण साठवता आले तर साठवावे, पण त्यात काही मीटरची चूक असते, म्हणून खुणांना पर्याय नाही. वेळ लिहावी. मग पायाने वाळू उकरू नये, कारण त्याने वस्तू आणखी खाली जाते, आणि दहा माणसांना शोधायला बोलावू नये.

प्रत्यक्ष शोधताना दोन लोखंडी खुंट्यांमध्ये दोरी ताणून पट्टे पाडायचे, आणि प्रत्येक फेरीत कॉइल आधीच्या फेरीच्या निम्म्या भागावरून न्यायची. कॉइल तळाला जवळजवळ टेकलेली आणि संथ हवी. साध्या अंगठीसाठी यंत्राची पोहोच वीत-दीड वीत असते, त्यातली चार बोटे पाण्यात वाया घालवून चालत नाही. आवाज आला की त्या बिंदूवर पायाचा अंगठा टेकवायचा, लांब दांड्याचा जाळीदार स्कूप त्याच्या मागे रोवायचा आणि एकाच दमात खोल उचलायचा, म्हणजे वाळू जाळीतून गळून जाते आणि वस्तू राहते. खड्डा रिकामा झाला तरी पुन्हा कॉइल फिरवायची, कारण एका आवाजाखाली दुसरा लपलेला असतो. तळाला डोक्याएवढे पाणी असेल तर पट्टे पाडणे जमत नाही. तिथे मध्यभागी खुंटी ठोकून तिला दोरी बांधतात आणि दोरी थोडी थोडी सैल सोडत वाढती वर्तुळे घेतात. तारकर्ली-मालवणकडे हिवाळ्यात पाणी इतके निवळ असते की डोळ्यांचाही उपयोग होतो. भीमेत डोळे मिटलेले बरे. कान आणि बोटे पुरतात.

पाय उचलून टाकत चालू नये, घासत न्यावेत. वाळूत पाकट मासा दडून बसलेला असतो, त्याच्या शेपटीचा काटा विषारी असतो, आणि पाय घासत नेल्यास तो आधीच निघून जातो. हेडफोन कानावर असल्यामुळे मागून येणारी लाट ऐकू येत नाही, म्हणून काठावर माझ्याकडे पाहत उभा राहणारा एक माणूस लागतोच. परतीच्या पाण्याची ओढ असलेल्या किनाऱ्यांवर मी लाटांच्या पट्ट्यात जात नाही, मग वस्तू कितीही मोलाची असो.

शोधताना दुसऱ्याच कोणाची वस्तू हाती लागते, तेव्हा ती 'समुद्राची देणगी' मानण्याची पद्धत सर्रास दिसते. ही पद्धत मला मान्य नाही आणि कायद्यालाही नाही. सापडलेली वस्तू घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७१ टाकते, आणि मालकाचा वाजवी शोध न घेता ती स्वतःची म्हणून वापरणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरते. सुदैवाने आता मालकापर्यंत पोहोचण्याचा एक नवा मार्ग आहे. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंधनकारक आहे. तो भिंगाखाली वाचून भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला, की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाचा हे कळते, आणि सराफाच्या पावत्यांतून पुढचा माग लागू शकतो. जुन्या दागिन्यावर हा क्रमांक नसतो. असा दागिना पोलीस ठाण्यात नोंद करून जमा करावा. घरच्या दागिन्यांवरचे हे क्रमांक प्रत्येकाने वहीत उतरवून ठेवले, तर माझ्यासारख्यांचे आणि पोलिसांचेही काम पुष्कळ हलके होईल.

जुन्या, पुरून ठेवलेल्या वस्तूंचा प्रश्न वेगळा आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. सिंधुदुर्ग, जंजिरा किंवा आपला सोलापूरचा भुईकोट अशा संरक्षित वास्तूंच्या परिसरात मी यंत्र गाडीतूनही काढत नाही. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की बुडालेल्या गावांचे अवशेष उघडे पडतात, आणि तिथे यंत्र घेऊन चला म्हणणारे दरवर्षी भेटतात. ती विस्थापितांची घरे आणि देवळे आहेत. तिथे माझे काम नाही.

जुन्या हरवलेल्या दागिन्यांसाठी ऋतू पाहावा लागतो. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू कापून आत नेतात आणि खालचा कडक थर वर आणतात, पण त्या दिवसांत समुद्रात उतरणे शक्य नसते. मासेमारीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. समुद्र शांत होऊ लागला की वाळू हळूहळू परत येते आणि दिवाळीनंतर थर पुन्हा जाड होतो. मधला जो थोडा काळ मिळतो, त्यातल्या उधाणाच्या ओहोट्या मी जुन्या शोधांसाठी राखून ठेवतो. गेल्या वर्षी वेळणेश्वरला हरवलेल्या एका अंगठीसाठी येत्या सर्वपित्री अमावास्येला जायचे ठरवले आहे. जागेचे फोटो त्या कुटुंबाने पाठवले आहेत, रेषा कागदावर आखून झाली आहे. पहाटेच्या ओहोटीत आधी लोखंडी सळई खुपसून कडक थर किती खोल लागतो ते पाहणार, आणि तो स्कूपच्या आवाक्यात असला तर दोन्ही यंत्रांनी तो पट्टा उभा-आडवा काढणार. थर खोल गेला असेल, तर संध्याकाळची ओहोटी न दवडता शंभर-दीडशे पावले उत्तरेला, जिथे कातळ उघडा पडतो तिथे पाहून परत फिरणार आहे.